यात्रेच्या तोंडावरचं सुतक

आमच्या जावयाला मोबाइलवर एक माणूस सापडलाय. कोट घालतो, हात हलवतो आणि हिंदीतून सांगतो की कर्जातून बाहेर कसं पडायचं, सकाळी उठल्यावर आरशात बघून काय म्हणायचं. जावई ते व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकतो. मी एक अख्खा बघितला. तो म्हणाला, आपलं स्वप्न सतत डोळ्यांसमोर ठेवा. अरे बाबा, माझ्या डोळ्यांसमोर सकाळी दहापासून तवा असतो. स्वप्न काय त्याच्यावर भाजू?

हायवेला लागून एक हॉटेल आहे, तिथं मी भाकऱ्या थापते. आमच्या गावापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. एरवी दिवसाला अडीचशे भाकऱ्या, शनिवार-रविवारी चारशेच्या पुढं. पुण्याची माणसं गाडीतून उतरतात, 'चुलीवरची भाकरी' असा बोर्ड वाचून खूश होतात आणि माझे फोटो काढतात. एकदा एक बाई म्हणाली, "किती शांत आयुष्य आहे हो तुमचं!" मी तिला तव्यावरची गरम भाकरी दिली. चूल धुमसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, नाहीतर दोन शब्दही दिले असते.

कर्ज लेकीच्या लग्नाचं. पतसंस्थेतून चार लाख, साठ हप्ते, एकेक नऊ हजार दोनशेचा. आमचे मालक मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला आहेत, त्यांच्या पगारात घर चालतं आणि माझ्या भाकऱ्यांत हप्ता जातो. लोक लगेच विचारतात, हुंडा दिला का? नाही हो. मढ गावाच्या अलीकडची माणसं ती, साधी. म्हणाले, "मुलगी आन् नारळ द्या." आता समोरच्याने काही मागितलं नाही की आपल्यालाच लाज वाटायला लागते. मग आम्ही मोठा हॉल घेतला, आठशे पानं उठवली, फ्रीज, कपाट, पाहुण्यांना साड्या. ऋण काढून सण करू नये हे आमच्यात चौथीतल्या पोरालाही माहीत असतं, आणि म्हातारा होईपर्यंत तो तेच करत राहतो.

पहिल्या वर्षी अंगात वारं होतं. हप्ता भरून आले की जग जिंकल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या वर्षी नुसतं सुटल्यासारखं वाटायला लागलं. तिसऱ्या वर्षी काहीच वाटेना. पावती घ्यायची, पिशवीत टाकायची, रिक्षा बघायची. दहा तारीख गेली की तीस दिवसांवर पुन्हा दहा तारीख. खांदे दुखायचे, उजव्या मनगटाला सूज. रात्री मालकांना म्हणायचे, जरा मलम चोळा, तर ते चोळता चोळता झोपून जायचे.

त्या काळात मी एकच गोष्ट मनाशी धरून चालले, ती म्हणजे पोरगी सुखात आहे. शंभर भाकऱ्या झाल्या की मी तिला डोळ्यांपुढं आणायची. ती आपली पंख्याखाली बसलीय, टीव्ही चालू आहे, नखांना रंग लावतेय. दोनशे झाल्या की पुन्हा आणायची. जावई चाकणला कंपनीत, सासू जीव लावणारी, घरात नळाला पाणी. आपण इथं धुरात बसलो म्हणून ती तिथं सावलीत आहे, असा माझा हिशेब होता. त्याच्यावर मी अडतीस हप्ते ओढले.

अडचण एकच, आमच्या गावची यात्रा. आमच्याकडं दिवाळीला कुणी आलं नाही तर चालतं, पण यात्रेला घर भरलंच पाहिजे. दोन्ही नणंदा, त्यांची माणसं, माझ्या बहिणी, लेक-जावई, व्याही. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण, जाताना माहेरवाशिणींना साड्या आणि जावयाला कपडे. सगळं धरून अडीच हप्त्यांचा चुराडा. लेक लग्नानंतर तिन्ही यात्रांना आली. हातभर मेंदी काढून यायची, अगदी नव्या नवरीसारखी. तिला बघून माझं पोट भरायचं, आणि पुढचे दोन महिने पतसंस्थेपुढून जाताना मी पदर पुढं ओढायची.

मागच्या वर्षी यात्रेपायी लागोपाठ दोन हप्ते चुकले. पतसंस्थेने आम्हाला नाही, जामीनदाराला फोन केला. जामीन माझा भाऊ. तो बाजारात गाळ्यावर चार माणसांत उभा होता आणि फोनवरचा माणूस मोठ्याने बोलत होता. भावाने मला चकार शब्द सुनावला नाही. राखीला आला, ओवाळून घेतलं, ताटात पैसे टाकले आणि चहा न पिता गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या आणि मिटलं असतं. तो चहा न पिता गेला ते मला आजतागायत सलतं.

तेव्हाच मी ठरवलं की यंदा हप्ता चुकणार नाही, काही झालं तरी. पण यात्रेला येऊ नका असं कुठल्या तोंडाने सांगायचं? पैसे नाहीत म्हणायचं? नणंदा म्हणाल्या असत्या, भाऊ बायकोच्या मुठीत गेला. व्याह्यांना कळलं असतं तर लेकीला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

यात्रा आठ दिवसांवर आली तेव्हा मालक जेवता जेवता म्हणाले, "सुतक पडलं तर?"

"कोण मेलंय?"

"मेलं न्हाई. पन घाटकोपरचे काका लई दिस झाले अंथरुणाला खिळलेत. कुणी बघितलंय त्यांना वीस वरसांत?"

मी हातातली उलथणी खाली ठेवली. "अवो, जित्या माणसाला मारता?"

"आगं, मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं माणसाचं. भलंच हुईल म्हाताऱ्याचं."

हा माणूस एरवी वर्षातून एकदा डोकं चालवतो, आणि चालवलं ते असं. पण खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. भावकीतलं सुतक म्हणजे दहा दिवस सण नाही, पोळी नाही, पाहुणे नाहीत, आणि कुणाला राग धरायलाही जागा नाही. मालकांनी दुसऱ्या दिवशी एकेक फोन लावला. "काका गेले राव. न्हाई न्हाई, तिकडंच उरकलं समदं. यंदा यात्रा न्हाई आमची." नणंदा हळहळल्या. मी लेकीला फोन केला. तिला खरं सांगायची सोय नव्हती, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती म्हणाली, "मग मी येऊ नको का?"

"सुतकात कशाला येतीस? तिकडंच ऱ्हा." फोन ठेवला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

एवढं सगळं केलं, पण एक गोष्ट काही आमच्या दोघांच्या डोक्यात आली नाही. खरंतर आम्ही जन्मभर तेच करत आलोय. कुणाकडं सुतक कळलं की माणसं दारावर भेटायला जातात. हातात दुखवट्याची साडी-टोपी, पाटीत भाकऱ्या. मीच कितीकांच्या दारावर जाऊन रडून आले असेन!

तिसऱ्या दिवशी पाच वाजता मी हॉटेलातून घरी आले तर दारात जीप उभी. व्याही, विहीणबाई, लेक. व्याह्यांनी वाटेतून फोन केल्यामुळं मालक दुकानातून धावत आले होते आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून ओट्यावर बसले होते, चेहरा पाडून. तो तसा रोजच पडलेला असतो, म्हणून तेवढी अडचण आली नाही.

मी पायरी चढले तर विहीणबाईंनी माझ्या गळ्यात पडून सूर धरला. मनाने फार चांगली बाई, रडते तीही मनापासून. मी खांबासारखी उभी. शेजारच्या घरात माझी चुलत जाऊ राहते, तिच्या गॅलरीला यात्रेची लायटिंगची माळ लावलेली. रडणं ऐकून ती यात्रेच्या तळणाचा झारा हातात घेऊनच पळत आली. मी तिच्याकडं बघितलं, तिने माझ्याकडं बघितलं. काय समजायचं ते ती समजली आणि झारा पाठीमागे लपवून तिने पदर तोंडाला लावला.

व्याही मालकांना म्हणाले, "या वयनींच्या घरी तर लायटिंग दिसतीया. त्यांना सुतक न्हाई का?"

मालकांनी डोक्यावरचा टॉवेल पुढं ओढला. जाऊच म्हणाली, "आमचं आन् त्या काकांचं सुतक तुटलंय, भाऊ. लई जुनं भांडान. जमिनीवरनं." नसलेलं भांडण तिने एका दमात उभं केलं. अशी जाऊ शत्रूलाही मिळू नये आणि आपल्याला मिळाल्याशिवाय राहू नये.

मग सगळे बसले. विहीणबाईंनी डोळे पुसून मला विचारलं, "आजारी व्हते का वो लई दिस?"

"व्हते."

"शेवटाला कोन व्हतं जवळ?"

मला उत्तर द्यायचं होतं. पोरगा होता, सून होती, काहीतरी म्हणायचं होतं. पण त्या दिवशी तीनशे भाकऱ्या झाल्या होत्या. पाठ मोडून आली होती, मनगट ठणकत होतं आणि समोर ही भली माणसं जीपचं डिझेल जाळून, कामं टाकून माझ्या खोट्यासाठी आली होती. 'शेवटाला' हा शब्द कानावर पडला आणि मला एकदम वाटलं, माझा शेवट कधी येणार? या सगळ्याचा? आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हमसाहमशी. तीन वर्षांचं एकदम. मी जमिनीवर बसले आणि कपाळ गुडघ्याला लावून रडले. मालक घाबरून उठून उभे राहिले.

"लई माया व्हती त्यांच्यावर," विहीणबाई व्याह्यांना म्हणाल्या. "चुलतसासऱ्यासाठी कोन रडतं आताच्या काळात?"

त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि पाटीवरचं फडकं काढलं. बाजरीच्या भाकऱ्या, पिठलं, मिरचीचा खरडा. माझ्या हातात त्यांनीच चतकोर दिली. लाज वाटते सांगायला, पण मी ती खाल्ली, आणि मग दुसरी मागून घेतली. किती महिन्यांनी मी दुसऱ्याच्या हातची भाकरी खात होते! ती गिळताना मला इतकं बरं वाटलं की पुन्हा डोळे भरून आले.

जेवणं झाल्यावर लेक ताटं उचलून मागच्या मोरीत गेली. मी तांब्या घेऊन मागोमाग गेले. तिने साबण लावून हात चोळले, मी वरून पाणी ओतलं, आणि पाणी हिरवं आलं.

आमच्या भागातल्या बाईला ते पाणी ओळखायला चष्मा लागत नाही. टोमॅटो तोडणाऱ्या हातांचं पाणी ते. झाडाचा चीक हाताला बसतो, काळपट हिरवा, आणि चार दिवस साबणाला दाद देत नाही. मी तिचा हात धरून उलटा केला. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला, तळव्याच्या रेघांत सगळीकडं ते काळं. त्याच्याखाली घट्टे.

"हे काय?"

"काय न्हाई. परसातली दोन झाडं..."

"मला नको शिकवू. दोन झाडांनी असे हात हुतात व्हय?"

तिने हात मागे घेतला. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मागच्या यात्रेला हातभर मेंदी. दिवाळीला मेंदी. जाऊबाईच्या पोराच्या साखरपुड्याला मेंदी. मी जावेला कौतुकाने सांगायची, आमची बाई बघा, हौस फिटत नाही हिची. ती हात झाकत होती. सुतकाच्या घरी यायचं म्हणून यंदा मेंदी लावता आली नव्हती.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"दीड वर्स झालं. पिकअप येती सकाळी साडेसहाला. ओतूरकडं जातो आमी बायका. टोमॅटो नसला तर कांदा."

"का पण? कंपनी हाय ना त्यांची?"

"कंपनी सहा म्हयनं आसती, दोन म्हयनं नसती." ती हात पुसत राहिली. "आई, तिकडंबी कर्जच हाय. आपल्या लग्नाचं. हळद, डीजे, गावजेवन. आन् हे माझ्या गळ्यातलं गंठण. त्यांनीबी पतसंस्थेतनंच काढलेत."

दोन दिवसांचं लग्न. इकडून मी फेडतेय आणि तिकडून ती फेडतेय.

"आन् ते व्हिडिओ?"

"ते सोतासाठीच बघत्यात, आई. रातच्याला कानात घालून. एकट्यानं बघायला कसंतरी वाटतं म्हणून तुमाला धाडत्यात."

त्या कोटवाल्याला मी ग्रुपवर एकदा अंगठा उलटा करून पाठवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने मान वर केली आणि हळूच विचारलं, "आई, ते काका खरंच गेलेत का गं?"

"न्हाई."

तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. खांदे गदगदा हलायला लागले. मलाही आवरेना. मोरीत उकिडव्या बसून आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसत होतो, आणि बाहेर विहीणबाई म्हणत होत्या, "रडू द्या मायलेकींना. मन मोकळं व्हतं." जीप निघताना त्यांनी माझ्या ओटीत दुखवट्याची साडी घातली. ती परत कधी करायची, तर त्यांच्या घरी कुणी गेल्यावर. असली परतफेड माझ्यावर कधी न येवो.

हसू त्या दिवसापुरतं होतं. दुसऱ्या दिवशी तव्यापुढं बसले, शंभर भाकऱ्या झाल्या, आणि सवयीने मी लेकीला डोळ्यांपुढं आणायला गेले. पंखा नव्हता, टीव्ही नव्हता. ती उन्हात क्रेट उचलत होती. मी दुसरं काहीतरी आणून बघितलं, देव आणला, मेलेली आई आणली. काही टिकेना. नुसतं पीठ, पाणी, तवा. ज्याच्या जोरावर आजवर ओढलं तेच निघून गेलं होतं, आणि मला इतका राग आला होता की दोन भाकऱ्या मी मुद्दाम करपवल्या.

दहा तारखेला मालकांना म्हटलं, "कशासाठी भरायचा वो हा हप्ता? कुणाचं भलं झालं त्यानं?"

ते चपला घालत होते. "घेतलेत म्हणून भरायचे," म्हणाले. "तुझा भाऊ जामीन हाय म्हणून भरायचे. भलं-बिलं मला न्हाई म्हाईत." आणि माझ्या हातातून पैसे घेऊन गेले. मोबाइलवरच्या माणसाला हे कधी सुचणार नाही. मलाही ते ऐकून काही उभारी आली नाही, पण हप्ता भरला गेला. एकोणचाळिसावा.

यात्रेच्या दिवशी गावात सकाळपासून ढोल. सुतक असलेल्या घराने काय करायचं? मी कामावर गेले. शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळताना बघायला आलेली गर्दी हॉटेलात उसळली होती, हॉटेलवाला म्हणाला पाचशे लागतील. अडीच-तीनच्या सुमाराला लेकीचा फोन आला. मी हाताचं पीठ पदराला पुसून मागच्या बाजूला गेले. तिच्याकडून बायकांची बडबड आणि क्रेट आपटल्याचे आवाज येत होते. आता माझ्यापासून लपवायचं काही नव्हतं, त्यामुळं ती थेट वावरातूनच बोलत होती.

"पोळी खाल्ली का?" तिने विचारलं.

"सुतक हाय मला."

ती हसली. मग म्हणाली, "आई, तुझे किती ऱ्हायले?"

"एकवीस. तुमचे?"

"तीस."

आतून हॉटेलातली वाढणारी पोरगी हाक मारत होती, भाकरी संपल्यात म्हणून. मी दोन-तीनदा मनात वजाबाकी केली, बरोबर येतंय का बघितलं.

"मग मी आधी सुटते की," मी म्हटलं. "माझे झाले तरी मी हितलं काम सोडत न्हाई. तुझे नऊ ऱ्हातील मागं. ते आपन दोघी मिळून भरू."

मला वाटलं ती लगेच म्हणेल, काहीतरीच काय आई, नको. ती लहानपणापासून तशीच. सहलीचे पैसे देऊ केले तर नको म्हणायची, नवीन चपला नको म्हणायची, लग्नात शालू घेताना सुद्धा नको नको करत होती. मी तिच्या 'नको'ची वाट बघत राहिले, आणि त्याच्यावर काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं होतं.

तिकडं बराच वेळ नुसते क्रेट वाजत होते.

"बरं," ती म्हणाली.